सूर्यनारायणाचा जमाखर्च
(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

सूर्याला आपण फार पूर्वीपासून नारायण म्हणत आलो आहोत. रथसप्तमीला अंगणात दूध उतू घालायचे, पाटावर रथ काढायचा, हात जोडून अर्घ्य द्यायचे आणि नंतर दिवसभर सावली शोधत हिंडायचे, असा आपला त्याच्याशी जुना व्यवहार आहे. या व्यवहारात पैशाचा प्रश्न कधी आला नव्हता. आता मात्र तो आला आहे. गल्लीतल्या दोन-चार गच्च्यांवर निळी-काळी तावदाने चकाकू लागली आहेत, आणि ज्यांच्या गच्चीवर ती नाहीत त्यांच्या घरी रात्रीच्या जेवणावेळी एकच वाद चालू आहे : घेऊन टाकावीत का? की हा पैशाचा नुसता धूर?

या वादात दोन पक्ष पडलेले दिसतात. एक पक्ष म्हणतो, वीज फुकट मिळते, मग विचार कसला करता? दुसरा म्हणतो, फुकट असे जगात काही नसते. मला दोन्ही पक्ष अर्धवट वाटतात, कारण दोघांनीही कागद-पेन्सिल हातात घेतलेली नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने निदान तेवढे तरी करावे, म्हणून हा प्रपंच.

आधी थोडा पूर्वेतिहास. प्रकाशापासून वीज निर्माण होते हे बेकरेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३९ सालीच पाहिले होते. परंतु उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौर घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला. तो अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे सहा टक्केच विजेत रूपांतरित करी. चार वर्षांनी तो उपग्रहावर बसून अवकाशात गेला, कारण तेथे तारा ओढून वीज नेणे शक्य नव्हते आणि किंमत विचारणारेही कोणी नव्हते. १९७३ साली तेलाचे भाव भडकले तेव्हा जगाला सूर्याची आठवण झाली. आपल्याकडेही त्या दशकात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्समध्ये सौर घटांचे काम सुरू झाले आणि १९८२ साली अपारंपरिक ऊर्जेसाठी केंद्रात स्वतंत्र विभाग निघाला. पण त्या काळी एका वॉटच्या पॅनेलला कित्येक डॉलर पडत. सामान्य माणसाच्या वाट्याला सौरऊर्जा आली ती सूर्यचुलीच्या रूपाने, आणि ती चूल पुढे अनेक घरांत माळ्यावर जाऊन बसली. वडीलधारी मंडळी आज साशंक दिसतात त्याचे मूळ त्या माळ्यावरच्या चुलीत आहे, असे मला वाटते.

आज परिस्थिती पार पालटली आहे. पॅनेलची किंमत वॉटला एका डॉलरच्या तिसऱ्या हिश्शाहूनही खाली आली आहे, आणि प्रकाशाचे विजेत रूपांतर वीस टक्क्यांच्या पुढे गेले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांसाठी प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू केली. तिच्या नावातच ‘मुफ्त बिजली’ हे शब्द आहेत. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान. अट एवढीच की पॅनेल भारतात बनलेले असावे आणि घर व वीजजोडणी आपल्या नावावर असावी. या ‘एवढीच’ शब्दाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

आता हिशेब. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. चांगल्या उन्हाच्या दिवशी त्यातून चार-साडेचार युनिट वीज निघते. पावसाळा, धूळ, ढग सगळे धरून वर्षाला सुमारे १,३०० युनिट, म्हणजे महिन्याला ११० च्या आसपास. आमच्यासारख्या मध्यम घराचा वापर महिन्याला अडीचशे युनिट आहे असे समजा. महावितरणचे दर पायऱ्यापायऱ्यांचे असतात. २०२४-२५ सालचे दर घेतले तर, वहन आकार धरून, पहिल्या १०० युनिटना ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० पर्यंत ११ रुपये ४६ पैसे, आणि ३०१ ते ५०० पर्यंत १५ रुपये ७२ पैसे. दर वर्षागणिक बदलतात. पायऱ्यांची ही रचना मात्र जुनी आहे, आणि साऱ्या गणिताचे मर्म तिच्यातच दडलेले आहे.

अडीचशे युनिटचे, स्थिर आकार व वीज शुल्क सोडून, २,३०७ रुपये होतात. गच्चीवर दोन किलोवॉट बसवले तर २२० युनिट घरचे होतात आणि विकत घ्यायचे ३० उरतात. त्यांचे १७६ रुपये. म्हणजे महिन्याला २,१३१ रुपये वाचले. वर्षाला साडेपंचवीस हजार. बाजारात दोन किलोवॉटला १,४०,००० रुपये पडतात असे धरले तर ६०,००० अनुदान वजा जाता पदरचे ८०,००० गेले. तीन वर्षे आणि एक-दोन महिन्यांत ते परत येतात. पॅनेलची हमी साधारण पंचवीस वर्षांची असते. तेच ८०,००० रुपये बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ५,६०० रुपये व्याज मिळेल. तेव्हा ज्याच्या बिलाचा आकडा अडीचशे युनिटच्या घरात आहे, गच्ची स्वतःची आहे आणि शेजाऱ्याच्या तीन मजली इमारतीची सावली तिच्यावर पडत नाही, त्याने फार विचार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या घरी हा हिशेब मी मांडला तेव्हा आबा म्हणाले, “ऐंशी हजारात एक चांगली म्हैस येती. आणि म्हैस पावसाळ्यातबी दूध देती.” सगळे हसले, पण आबांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शेतकरी माणूस प्रत्येक खर्चाची तुलना म्हशीशी करतो, कारण म्हैस म्हणजे त्याची ठेव, व्याज आणि विमा असे तिन्ही एकत्र असते. म्हशीला वैरण लागते, पेंड लागते, पहाटे उठणारे माणूस लागते आणि ते माणूस बहुधा घरातील बाईच असते. पॅनेलला महिन्यातून दोनदा पाण्याने पुसणे एवढीच चाकरी. हे खरे. तथापि म्हैस रोख पैसे देते, पॅनेल मात्र केवळ जाणारा पैसा थांबवते. ज्याच्या घरातून मुळात थोडाच पैसा बिलापायी जातो, त्याला थांबवण्यासारखे तरी काय आहे? आबांच्या म्हशीने नेमके याच प्रश्नाकडे बोट दाखवले.

त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी विक्रेते जे सांगत नाहीत, अथवा हळू आवाजात सांगतात, अशा काही गोष्टी नमूद करतो. पहिली, आणि सर्वांत जास्त गैरसमजाची : वीज गेली की साधे सौर संयंत्रही बंद पडते. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरील विजेचा धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. भर दुपारी, लख्ख उन्हात, डोक्यावर दोन किलोवॉट असताना पंखा बंद! भारनियमनाचा अनुभव घेतलेल्या पिढीला हे पटणे कठीण जाते. बॅटरी घेतली तर हा प्रश्न सुटतो, पण खर्च बराच वाढतो आणि वर काढलेला तीन वर्षांचा हिशेब मोडतो. दुसरी गोष्ट, इन्व्हर्टर पंचवीस वर्षे टिकत नाही. दहा-बारा वर्षांनी तो बदलण्याची तयारी ठेवावी. तिसरी, ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, हा समज चुकीचा आहे. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. ते तापले की त्याची शक्ती थोडी घटते. चौथी, स्थिर आकार माफ होत नाही. घरचे सगळे युनिट घरचेच झाले तरी सव्वाशे रुपयांच्या आसपासचे बिल येतच राहते. ‘मोफत’ हा शब्द तेवढ्या चिमटीने घ्यावा. पाचवी, अनुदान संयंत्र बसल्यानंतर खात्यावर जमा होते. आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते.

रकमेचाच विषय निघाला आहे तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या घरी ८०,००० रुपये आहेत, परंतु ते माझ्या पुढच्या दोन वर्षांच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेले आहेत. वडिलांना पॅनेलचा हिशेब पटला आणि ते म्हणाले, “तीन वर्षांत परत येणारच आहेत ना? मग वापरू.” या ठिकाणी मी स्वतःच मांडलेल्या हिशेबाच्या विरुद्ध बोललो. तीन वर्षांनी परत येणारा पैसा पुढच्या जूनमधली फी भरू शकत नाही, आणि आमच्यासारख्या घरात जून एकदा हुकला की शिक्षण सुटते, हे आम्ही आजूबाजूला पाहिले आहे. योजनेत तारणाशिवाय कमी व्याजाचे कर्ज मिळते. सात टक्के व्याज धरले तरी ८०,००० रुपयांचा चार वर्षांचा हप्ता १,९०० रुपयांच्या थोडा वर जातो, आणि वाचणारे बिल आहे २,१३१. हप्ता बिलातूनच भागतो. कर्ज हा शब्द आपल्याकडे बदनाम आहे आणि ते योग्यच आहे; लग्नासाठी काढलेले कर्ज फेडण्यात आयुष्ये गेलेली आपण पाहतो. पण जे कर्ज स्वतःचा हप्ता स्वतः कमावते त्याला त्याच मापाने मोजू नये. घरात अजून निर्णय झालेला नाही. माझे मत मात्र झाले आहे : शिक्षणाच्या पैशाला हात लावायचा असेल तर पॅनेल नको, कर्ज काढायची तयारी असेल तर पुढच्या उन्हाळ्याआधी बसवावे.

आता आबांच्या प्रश्नाकडे. वर मी जो हिशेब केला तो अडीचशे युनिटच्या घराचा. तोच हिशेब वेगवेगळ्या घरांसाठी करून पाहिला तेव्हा मी थोडा वेळ कागदाकडे बघतच राहिलो. ज्या बंगल्यात महिन्याला ४०० युनिट लागतात तेथे तीन किलोवॉटने वर्षाला ४८,००० रुपये वाचतात. १,९५,००० रुपये किंमत धरली तर अनुदान जाऊन घातलेला पैसा अडीच वर्षांच्या आत वसूल. मध्यम घरात तीन वर्षे. पण ज्या घरात ९० युनिट लागतात, दोन दिवे, दोन पंखे, एक दूरदर्शन संच, एक छोटा फ्रीज, तेथे महिन्याचे वीजबिलच ५२९ रुपये. एक किलोवॉटला अनुदान वजा जाता ४५,००० रुपये घालावे लागले तर ते वसूल व्हायला सात वर्षे लागतात. आणि ६० युनिटच्या घरात दहा वर्षांहून अधिक! तेच ऊन, तेच पॅनेल, तेच सरकार. परंतु ज्याच्याकडे जास्त आहे त्याला लवकर फळ आणि ज्याच्याकडे कमी आहे त्याला उशिरा.

याचे कारण अन्याय करण्याचा कोणाचा हेतू आहे असे नाही. गरीब घराला वीज स्वस्त मिळावी म्हणून पहिली पायरी कमी दराची ठेवली, आणि तो भार वरच्या पायऱ्यांवर टाकला. ही रचना मला न्याय्य वाटते. पण सौरऊर्जेने जी वीज वाचते ती वरच्या पायरीपासून खाली वाचत येते. महाग युनिट आधी वाचतात, स्वस्त शेवटी. ज्याच्याकडे महाग युनिटच नाहीत त्याने वाचवायचे काय?

येथून पुढचा प्रश्न अधिक गंभीर आहे. वरच्या पायरीवरील ग्राहक एकेक करून गच्चीवर सूर्य बसवून मोकळे झाले, तर खालच्या पायरीचा भार उचलणार कोण? खांब, तारा, रोहित्रे, वायरमनचे पगार हे सगळे राहणारच. सौरऊर्जा घेतलेला माणूसही रात्री त्याच तारांवर अवलंबून असतो. दिवसा तो जादा वीज त्या तारांत ठेवतो आणि रात्री काढून घेतो, जणू बँकच. या बँकेचा खर्च उद्या फक्त भाडेकरूंनी, झोपडीतल्यांनी आणि पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी भरायचा काय? त्यांच्यापाशी गच्ची नाही. घर नावावर असावे ही अट ‘एवढीच’ वाटते ती घर असणाऱ्यांना. आपल्या महाविद्यालयात खोली घेऊन राहणारे, वसतिगृहात राहणारे कितीतरी मित्र आहेत. घरमालकाने मीटरच्या युनिटला लावलेला दर ते मुकाट्याने भरतात. त्यांच्यासाठी सूर्यघर हा शब्द अर्धाच खरा आहे. सूर्य आहे, घर नाही.

राज्य सरकारच्या हे लक्षात आलेले दिसते. २०२५ साली १०० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरांसाठी ‘स्मार्ट’ ही योजना जाहीर झाली. त्यात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला एक किलोवॉटसाठी केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्याचे १७,५०० रुपये मिळतात, म्हणजे घरच्यांना घालावी लागणारी रक्कम अगदी थोडी उरते. हे पाऊल योग्य दिशेचे आहे असे मी मानतो. अनुदान द्यायचेच तर ते ज्याला सात आणि दहा वर्षे लागतात त्याला द्यावे; अडीच वर्षांत पैसे वसूल करणाऱ्या बंगल्याला सरकारी ७८,००० रुपयांची गरज काय, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. तो बंगलेवाला अनुदानाविनाही पॅनेल बसवील, कारण तशीही त्याची रक्कम चार-साडेचार वर्षांत परत येते.

एवढे सगळे म्हटल्यावर कोणी मला विचारील, मग तू सौरऊर्जेच्या बाजूचा की विरुद्ध? मी बाजूचा आहे, आणि त्याचे कारण रुपयांपलीकडचे आहे. आपण कोयनेच्या मुलखात राहतो. १९६० च्या दशकाच्या आरंभी येथून वीज निघू लागली आणि महाराष्ट्राचे कारखाने उजळले. त्यासाठी शिवसागराच्या पाण्याखाली गावे गेली, माणसे घरदार सोडून दूर जाऊन वसली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न कित्येक दशके रेंगाळले. तिकडे चंद्रपूर, कोराडी, परळी येथे कोळसा जळतो आणि त्याची राख तेथल्यांच्या अंगणात पडते. बटण दाबले की दिवा लागतो, पण त्या दिव्याची किंमत कोणीतरी दुसरा, कोठेतरी दूर, मोजत असतो. बिलावर ती छापलेली नसते. कोळशाच्या विजेच्या एका युनिटला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. त्या मापाने दोन किलोवॉटचे एक छप्पर वर्षाला दीड-पावणेदोन टन कोळसा वाचवते. गच्चीवरील वीज कोणाचे गाव बुडवत नाही, फक्त आपलीच गच्ची अडवते आणि पापड-कुरडया वाळवायला जागा थोडी कमी करते. हा सौदा मला मान्य आहे. अर्थात पॅनेलही एक दिवस भंगार होणार, आणि २०२२ च्या ई-कचरा नियमांत त्याचा समावेश झाला आहे. ते नियम कागदावर राहू नयेत हे पाहणे आपल्याच पिढीचे काम आहे.

म्हणून एकेकट्याच्या गच्चीपेक्षा सर्वांच्या छपराचा विचार मला अधिक महत्त्वाचा वाटतो. याच पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे गाव २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. छोट्या डोंगरी गावाने एकत्र येऊन ठरवले तर काय होते याचे उदाहरण आपल्या उंबऱ्यावर आहे. ज्यांच्यापाशी गच्ची नाही त्यांना ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या, सहकारी संस्थेच्या छपरावर वाटा मिळावा, अशी व्यवस्था का होऊ नये? सहकारावर साखर कारखाने आणि दूध संघ उभे करणाऱ्या जिल्ह्याला ऊन सहकारी करणे अशक्य नसावे.

आणि शेवटी, आपले महाविद्यालय. घराचा वापर संध्याकाळी, महाविद्यालयाचा मात्र सकाळी सात ते दुपारी पाचपर्यंत, म्हणजे नेमका सूर्याच्याच वेळापत्रकाने. ग्रंथालयातले दिवे, कार्यालयातले संगणक, प्रत्येक वर्गातले चार पंखे भर दिवसा फिरतात, आणि डोक्यावरची भली मोठी गच्ची रिकामी तापत पडते. घरांसाठीचे अनुदान संस्थांना मिळत नाही हे मला ठाऊक आहे. तरीही अर्थशास्त्र आणि भूगोल या दोन विभागांनी मिळून विद्यार्थ्यांकडून एकदा या गच्चीची मोजणी, बारा महिन्यांची बिले आणि सावलीचा नकाशा तयार करून घ्यावा, अशी माझी प्राचार्यांना आणि प्राध्यापकांना विनंती आहे. त्याला खर्च एका फूटपट्टीचा आणि दोन रविवारांचा. हिशेब जमला तर पुढच्या वर्षी व्यवस्थापनापुढे ठेवावा. न जमला तर का जमला नाही हे पुढच्या वर्षीच्या याच अंकात छापावे. मोजणीला मी येतो. आणखी चौघे लागतील.